वैद्यक विद्याशाखेचे एक वर्ष

मार्च महिना जवळ आला म्हणजे आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत एक परिपत्रक फिरू लागते. सरत्या वर्षात विभागाने किती व्याख्याने दिली, किती विद्यार्थी परीक्षेस बसले व त्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले, कोणत्या परिषदांस कोण उपस्थित राहिले, ही माहिती विहित नमुन्यात आठ दिवसांच्या आत कळवावी, असे त्यात लिहिलेले असते. विभागप्रमुख ते परिपत्रक कनिष्ठ सहकाऱ्याकडे देतात, तो गतवर्षीची प्रत शोधून काढतो, आकडे बदलतो, आणि अहवाल तयार होतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने वर्षाचा हिशेब दिला पाहिजे ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या दोन कामांसाठी विद्यापीठात वैद्यक विद्याशाखा असते, ती अध्यापन व संशोधन ही कामे एकाच मापाच्या वर्षाने मोजता येतात काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. माझ्या मते ती तशी मोजता येत नाहीत, आणि तसा आग्रह धरल्याने दोन्ही कामे बिघडतात.

हे म्हणणे अधांतरी राहू नये म्हणून एखादे प्रत्यक्ष वर्ष घेऊन पाहणे बरे. स्थळ दिल्ली आणि साल १९५६ घेऊ. त्या वर्षाच्या आगेमागे राजधानीत वैद्यकविद्येच्या क्षेत्रात काही गोष्टी घडल्या. त्यांचे फळ मागाहून मोठे आले; परंतु त्या वर्षीच्या अहवालात दाखविण्याजोगे त्यांत फारच थोडे होते.

पहिली गोष्ट काविळीच्या साथीची. १९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेस मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर प्रवाहाने आपली जागा बदलली, आणि वजीराबाद येथे ज्या ठिकाणाहून शहरासाठी पाणी उचलले जात असे, तेथे नजफगढ नाल्याचे सांडपाणी येऊन मिळू लागले. नोव्हेंबर महिन्यात काही दिवस हा प्रकार चालला. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचे प्रमाण वाढविण्यात आले होते, आणि त्याचा उपयोगही झाला. कारण एवढे मैलामिश्रित पाणी शहरात जाऊनही विषमज्वर व आमांश ह्यांचे रोगी वाढले नाहीत. परंतु त्यानंतर काही आठवड्यांनी, डिसेंबर व जानेवारीत, काविळीने दिल्ली ग्रासली. डोळे पिवळे होऊन स्पष्ट कावीळ झालेल्यांची संख्या २९,००० हून अधिक असावी असे पुढे अनुमान करण्यात आले. जंतूंस मारण्यापुरते जे क्लोरीन होते, ते ह्या रोगाच्या विषाणूस मारण्यास पुरे पडले नव्हते.

दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संस्थापक-संचालक डॉ. आर. विश्वनाथन ह्यांनी ह्या साथीचा बारकाईने अभ्यास केला व १९५७ मध्ये तो प्रसिद्ध केला. छातीच्या रोगांसाठी नेमलेल्या संस्थेच्या प्रमुखाने यकृताच्या रोगामागे का लागावे, असा प्रश्न आजच्या एखाद्या तपासनिसाने त्यांस खचित विचारला असता. त्यांनी शहरातील रोग्यांच्या संख्येचा अंदाज बांधला, पाणी दूषित झाल्याचे दिवस आणि कावीळ उमटल्याचे दिवस ह्यांचा मेळ घातला, आणि एक विलक्षण गोष्ट नोंदवून ठेवली : गर्भवती स्त्रियांस ही कावीळ इतरांपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरत होती. ह्याचे कारण तेव्हा कोणासच सांगता येण्यासारखे नव्हते. पाण्यातून पसरणारी कावीळ एकाच प्रकारची, अशी त्या काळी समजूत होती, आणि दिल्लीची साथही त्याच सदरात घातली गेली. निबंध छापला गेला, साथ ओसरली, लोक विसरले.

त्या साथीतील रोग्यांच्या रक्तरसाचे काही नमुने मात्र जपून ठेवलेले होते. पुढे काविळीच्या ‘अ’ व ‘ब’ ह्या दोन विषाणूंचा संसर्ग रक्तरसावरून ओळखण्याच्या खात्रीच्या पद्धती हाती आल्या, तेव्हा अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांनी (डॉ. खोर्शेद पावरी त्यांत होत्या) हे जुने नमुने बाहेर काढून तपासले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, ही कावीळ ‘अ’ विषाणूची नव्हती आणि ‘ब’ विषाणूचीही नव्हती. म्हणजे पाण्यातून पसरणारा आणखी एक, अद्याप कोणी न पाहिलेला विषाणू असला पाहिजे. तीन वर्षांनी मॉस्कोच्या मिखाइल बालायान ह्यांनी रोग्यांच्या मळाचा अर्क स्वतः पिऊन रोग ओढवून घेतला, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दाखवून दिले. त्यास आज ‘ई’ प्रकारच्या काविळीचा विषाणू म्हणतात. गर्भवतीस ही कावीळ विशेष धोक्याची असते, हे वाक्य आज वैद्यकाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते आणि वर्गात ते सांगून होण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. ते वाक्य पुरे होण्यास पाव शतक लागले. त्या पाव शतकात नमुने सांभाळण्याचे जे काम चालू राहिले, ते विहित नमुन्याच्या कोणत्या रकान्यात दाखवावयाचे?

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची. भोर समितीने १९४६ च्या आपल्या प्रतिवेदनात अशा राष्ट्रीय संस्थेची शिफारस केली होती. कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने दहा लक्ष पौंडांचे साहाय्य दिले. १९५२ मध्ये कोनशिला बसली. आणि १९५६ मध्ये संसदेने कायदा करून संस्थेस स्वायत्तता व स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार दिला. म्हणजे ती जवळजवळ एक स्वतंत्र वैद्यकीय विद्यापीठच झाली. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ह्यांनी विधेयक मांडताना दोन गोष्टींवर भर दिला होता. अध्यापकांनी खाजगी व्यवसाय न करता सारा वेळ संस्थेस द्यावा, ही एक; आणि गुरू व शिष्य ह्यांनी जुन्या परंपरेप्रमाणे एकाच आवारात परस्परांच्या सहवासात राहावे, ही दुसरी. संस्थेच्या इमारती, यंत्रे, निधी ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या मते तिचे मर्म ह्या दोन अटींत आहे, आणि ह्या दोन अटींविषयीच सर्वांत कमी बोलले जाते.

पहिल्या तुकडीत ५० विद्यार्थी घेतले गेले. रुग्णालयाची मोठी इमारत अजून उभी राहावयाची होती. पहिले संचालक डॉ. बी. बी. दीक्षित हे मराठी होते; पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शरीरक्रियाशास्त्र शिकविले होते. १९३४ मध्ये त्यांनी असे दाखविले होते की, मांजराच्या मेंदूच्या तळाकडील एका विशिष्ट भागात ॲसिटिलकोलीन हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात सोडले असता झोपेसारखी अवस्था उत्पन्न होते. शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. बाळकृष्ण आनंद हे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातून आले. त्यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत ब्रोबेक ह्यांच्यासह उंदरांवर प्रयोग करून, हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागातील अगदी लहानसा ठिपका नष्ट केला तर प्राणी समोर अन्न असूनही खावयाचे सोडतो, हे दाखविले होते. पुढे १९६१ मध्ये आनंद व त्यांचे सहकारी ह्यांनी एका योग्यास हवाबंद पेटीत बसवून त्याचा प्राणवायूचा वापर मोजला. योगविद्येवर श्रद्धा ठेवणे सोपे होते, तिची थट्टा करणे त्याहूनही सोपे होते. ह्या लोकांनी पेटी बनविली आणि मोजमाप केले.

अशा अध्यापकांपाशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास काय मिळते? माहिती तर पुस्तकातूनही मिळते. परंतु भूक म्हणजे काय, झोप का येते, ह्यांवर ज्याने स्वतः हात काळे केले आहेत असा मनुष्य फळ्यासमोर उभा असला, म्हणजे एखाद्या प्रश्नावर तो थांबतो आणि ‘हे मला ठाऊक नाही; कोणासच ठाऊक नाही’ असे म्हणतो. ज्याने कधी शोध केला नाही त्यास हे वाक्य उच्चारण्याची भीती वाटते, कारण आपल्याला ठाऊक नाही आणि कोणासच ठाऊक नाही ह्यांतील भेद त्यास सांगता येत नाही. अध्यापन व संशोधन एकाच माणसाने करावे ह्याच्या समर्थनार्थ पुष्कळ कारणे दिली जातात. मला हे एकच कारण पुरेसे वाटते.

आता तिसरी गोष्ट. ती घडली दिल्लीपासून दूर, हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात. पण पुढे ती ह्याच संस्थेच्या प्रयोगशाळांशी जोडली गेली. त्या खोऱ्यात गलगंड इतका सर्रास होता की, गळ्यावर सूज नसलेला मनुष्य पाहुणा समजला जावा. माती व पाणी ह्यांत आयोडीन कमी, हे त्याचे कारण. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी ह्यांनी १९५६ मध्ये तेथे पाहणी सुरू केली. त्यानंतर लवकरच ते आयुर्विज्ञान संस्थेत विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुमारे एक लक्ष वस्तीच्या प्रदेशाचे तीन भाग पाडण्यात आले. एका भागास पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले मीठ, दुसऱ्यास पोटॅशियम आयोडेट मिसळलेले मीठ, आणि मधल्या भागास साधे मीठ देण्यात आले. आरंभी तिन्ही भागांत गलगंडाचे प्रमाण शेकडा ३८ च्या आसपास होते. १९६२ पर्यंत आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या दोन्ही भागांत ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. साधे मीठ खाणाऱ्या भागात ते होते तेथेच राहिले. मग त्या भागासही आयोडीन देण्यात आले, आणि तेथेही रोग हटू लागला. उष्ण व दमट हवेत आयोडाइडमधील आयोडीन उडून जाते, आयोडेट टिकते. तेव्हा आपल्या देशास आयोडेट अधिक सोयीचे, ही व्यवहाराची गोष्टही ह्यातून पक्की झाली. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. संपूर्ण अभ्यासाचा निबंध १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. त्याच्या लेखकांत देव व करमरकर ही मराठी नावेही आहेत.

सतरा वर्षे, आणि मग संपूर्ण निबंध. आजच्या हिशेबाने त्या सर्व संशोधकांची बढती अडली असती असे म्हटले तर ती केवळ थट्टा होणार नाही.

येथे माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट सांगावीशी वाटते. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तसे अनेक ठिकाणी चालत असे. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसह वेगळा काढून त्यास विजेचे झटके द्यावयाचे, आणि स्नायू आखडताना जी रेघ उमटते ती काजळी धरलेल्या फिरत्या दंडगोलावर घ्यावयाची, असा प्रयोग असे. वारंवार झटके दिले म्हणजे स्नायू थकतो आणि रेघा हळूहळू खुजट होत जातात. माझ्या बेडकाने तसे केले नाही. पहिल्या रेघा लहान आल्या, मग त्या काही काळ वाढत गेल्या, आणि नंतर उतरल्या. मी तो कागद लाखेच्या द्रावणात बुडवून वाळविला व प्रात्यक्षिकाच्या वहीत चिकटविला. शिक्षकांनी तो पाहिला, मान हलविली आणि गेल्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याची वही माझ्यापुढे टाकून ‘ह्याप्रमाणे काढून आण’ असे सांगितले. मी शिसपेन्सिलीने ती रेघ उतरवून काढली. मला दहापैकी आठ गुण मिळाले.

आरंभीचे काही झटके स्नायूस थकविण्याऐवजी अधिक जोमदार करतात, आणि त्या पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या रेघेस शरीरक्रियाशास्त्रात स्वतंत्र नाव आहे, हे मला पुष्कळ दिवसांनी एका पुस्तकात सापडले. म्हणजे माझा बेडूक खरे बोलत होता, आणि वर्गातील पन्नास वह्यांतील एकच वही चुकीची न ठरता एकच खरी ठरावयास हवी होती. त्या शिक्षकांस मी दोष देत नाही. त्यांस एका दुपारी तीन तुकड्या उरकावयाच्या होत्या, आणि वर्षअखेर अमुक इतकी प्रात्यक्षिके झाली असे लिहून द्यावयाचे होते. ती झालीही. परंतु अपेक्षित उत्तर न आल्यास अपेक्षित उत्तर लिहावे, हे आम्ही पन्नास जण त्या वर्षी शिकलो. आणि त्यांपैकी काही जण पुढे स्वतः संशोधन करू लागले, हे विसरून चालणार नाही.

आता बेडकांवरील ते प्रयोग पदवीच्या वर्गांतून गेले आहेत. निष्पाप जीवांची हत्या टळली हे उत्तमच झाले. संगणकाच्या पडद्यावर तीच रेघ विद्यार्थ्यांस दाखविण्यात येते. एवढेच की पडदा कधी आज्ञाभंग करीत नाही. त्यावरील रेघ प्रत्येक वेळी पुस्तकाबरहुकूम येते.

शोधनिबंधांच्या मोजणीचे पर्यवसान ह्याहून गंभीर आहे. अध्यापकास बढती हवी तर त्याच्या नावे अमुक इतके निबंध प्रसिद्ध झालेले असावेत, असा नियम आपल्याकडे करण्यात आला. नियमामागचा हेतू वाईट नव्हता. दिल्लीच्याच सर गंगाराम रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. समीरण नंदी व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २००५ ते २०१४ ह्या दहा वर्षांत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही निबंध बाहेर पडला नव्हता. वर्षास शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५ होत्या. दहा वर्षांत काहीच न लिहिणाऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यास ‘हे कोणासच ठाऊक नाही’ असे वाक्य कधी ऐकू आले असेल काय, अशी शंका मलाही येते. तेव्हा आळसास लगाम हवा, हे कबूल. पण लगाम म्हणून निवडली ती संख्या. संख्येची मागणी निर्माण होताच ती पुरविणारी दुकानेही निघाली : पैसे घेऊन, कसलीही छाननी न करता, काहीही छापणारी नियतकालिके. ज्या तरुण अध्यापकाने शिसपेन्सिलीने रेघ उतरवून आठ गुण मिळविले होते, त्यास तेथे परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते.

कोणी म्हणेल की १९५६ ची गोष्ट निराळी. तेव्हा मोजकी माणसे होती आणि प्रश्न सरळ होते. म्हणून जवळच्या काळातील एक उदाहरण देतो. १९८५-८६ च्या सुमारास आयुर्विज्ञान संस्थेतील नवजात अर्भकांच्या कक्षात डॉ. महाराज किशन भान व त्यांचे सहकारी ह्यांस असे दिसले की, काही अर्भकांस रोटा विषाणूचा संसर्ग झालेला आहे, परंतु त्यांस जुलाब होत नाहीत. हा विषाणू लहान मुलांच्या तीव्र अतिसाराचे मोठे कारण आहे. मग ही अर्भके सुखरूप कशी? घाईच्या विभागात कोणीही एवढेच म्हटले असते की, मूल बरे आहे, घरी पाठवा. ह्यांनी त्या मुलांचा पुढे पाठपुरावा केला आणि जन्मतःच झालेला हा सौम्य संसर्ग त्यांस पुढील तीव्र अतिसारापासून वाचवितो असे १९९३ मध्ये दाखविले. त्या विषाणूपासूनच लस करावयाची, ही कल्पना तेथून निघाली. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथील ६,७९९ बालकांवर लशीची परीक्षा झाली. तीव्र अतिसाराचे प्रमाण तिने निम्म्याहून थोडे अधिक कमी होते असे आढळले. २०१४ मध्ये परवाना मिळाला, आणि २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात रोटा लस चार राज्यांपासून सुरू झाली. अर्भककक्षातील त्या निरीक्षणापासून गावच्या लसीकरण सत्रापर्यंत तीस वर्षे गेली. त्या तीसपैकी बहुतेक मार्च महिन्यांत सांगण्यासारखे उत्तर एकच असणार : काम चालू आहे.

दिल्लीच्या दक्षिणेस हरियाणात बल्लभगढ आहे. १९६५ पासून आयुर्विज्ञान संस्था तेथे राज्य शासनाच्या सहकार्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प चालविते. दयालपूर व छांयसा ह्या दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांखालील २८ गावांत जन्म, मृत्यू, गर्भारपण, लशी ह्यांच्या नोंदी घरोघर जाऊन ठेवल्या जातात. विद्यार्थी व आंतरवासी डॉक्टर येथे काही आठवडे राहतात. शहरी मुलास प्रथम ते निर्वासन वाटते. ज्या रोग्यास रुग्णालयात आपण ‘औषध वेळेवर न घेणारा’ म्हणून टोचून बोललो, त्याच्या घरापासून औषधाचे दुकान किती दूर आहे हे चालून पाहिल्यावर त्याची भाषा बदलते. ह्या गावांत २००९ ते २०१२ दरम्यान मुलांस इन्फ्लुएन्झाची लस देऊन तिची परीक्षा घेण्यात आली. तुलनेसाठी ज्या मुलांस ती दिली नाही त्यांच्या हाती रिकामी सुई न देता पोलिओची लस देण्यात आली. हा शहाणपणा मला फार आवडला. फळ असे आले की, पहिल्या वर्षी लशीने संरक्षण थोडेच दिले आणि तिसऱ्या वर्षी पुष्कळ अधिक दिले. पहिल्या मार्चला हिशेब मिटविला असता तर लस निरुपयोगी म्हणून नोंद झाली असती.

अध्यापनाचे वर्ष मात्र खरोखरच बारा महिन्यांचे असते, आणि दिल्लीत त्यास ऋतूंचे वळण आहे. मे-जूनमध्ये उष्माघाताचे रोगी येतात. पावसाळ्यानंतर डासांचे दिवस. थंडीच्या तोंडास धुराचे धुके शहरावर बसले की दम लागलेली माणसे रांगेत उभी राहतात. १९९६ च्या पावसाळ्यानंतर डेंगीची जी साथ आली, तीत शहरात दहा हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले आणि चारशेंहून अधिक मृत्यू झाले. अशा वेळी वेळापत्रकात त्या दिवशी मूत्रपिंडाचा पाठ असला तरी चांगला अध्यापक विद्यार्थ्यांस ज्वराच्या खाटांपाशी नेतो, ताप उतरल्यावरच धोका का वाढतो हे रोग्याच्या नाडीवर त्यांचा हात ठेवून दाखवितो, आणि मूत्रपिंड नंतर शिकवितो. अभ्यासक्रम पुरा झाला नाही म्हणून त्याच्याकडे स्पष्टीकरण मागितले जाण्याचा संभव असतो.

ह्यासाठी लागते ती एकच वस्तू, आणि ती सर्वांत दुर्मिळ आहे : अध्यापकाचा मोकळा वेळ. सकाळी बाह्यरुग्ण विभागातील रांग, दुपारी शस्त्रक्रिया अथवा प्रयोगशाळा, आणि उरलेल्या वेळात तपासणी मंडळांसाठी तक्ते भरणे, अशी ज्याची दिनचर्या आहे, त्यास विद्यार्थ्याच्या चुकलेल्या रेघेपाशी थांबावयास सांगणे हा अन्याय होय. खाजगी व्यवसायावर बंदी घालून अध्यापकाचा वेळ संस्थेस मिळवून देता येतो. परंतु तो वेळ पुन्हा कागदपत्रांत खर्ची पडला तर बंदीचा उपयोग काय? नव्या महाविद्यालयांची संख्या अलीकडे वेगाने वाढली आहे, आणि वाढावयास हवीच होती. त्यांत खाटा किती, खुर्च्या किती, हजेरीचे यंत्र आहे की नाही, हे पाहिले जाते. अध्यापकास आठवड्यातून एक दुपार कोणी हाक मारणार नाही अशी मिळते काय, हे पाहणारा तपासनीस मला अजून भेटलेला नाही.

अहवाल रद्द करा असे माझे म्हणणे नाही. त्यातील प्रश्न बदलावेत. वर्षात किती निबंध छापले ह्याऐवजी, मागील दहा वर्षांत सुरू केलेली कोणती कामे अजून चालू आहेत व ती का थांबली नाहीत, हे विचारावे. विद्यार्थ्यांनी किती प्रात्यक्षिके केली ह्याच्या शेजारी, किती प्रात्यक्षिकांत अपेक्षेविरुद्ध उत्तर आले आणि त्याचे काय केले, असा रकाना असावा. तो रकाना सर्वत्र कोरा आला तर त्यावरूनच पुष्कळ कळेल. आणि आणखी एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही. अध्यापक सेवानिवृत्त होतो तेव्हा कार्यालय त्याच्याकडून कपाटांच्या किल्ल्या, ओळखपत्र आणि ग्रंथालयाची पुस्तके परत मागून घेते, त्यावर तीन-चार सह्या होतात. त्याच्या नोंदवह्या आणि शीतपेटीतील नमुने मात्र कोणी मागत नाही. पुढचा मनुष्य जागा हवी म्हणून ते फेकून देतो. निवृत्तीच्या त्या नमुन्यात ह्या दोन वस्तूंसाठी एक ओळ घालावी, आणि त्या कोणाच्या स्वाधीन केल्या त्याचे नाव तेथे लिहून घ्यावे.